वरच्यांची पहिली तक्रार

जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पांढराशुभ्र फेस होता. त्यातला थोडा कपाळावरून ओघळून डाव्या डोळ्यात चालला होता, म्हणून तो उजवा डोळा तेवढा उघडा ठेवून, भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत खाली येत होता. टी-शर्ट उलटा. गळ्यात टॉवेल.

ती जिन्याखाली मेन बोर्डापाशी उभी होती. शिवता शिवता यंत्र मध्येच बंद पडलं, घरातले दिवे गेले, म्हणून ती बाहेर आली होती. हातात अर्धी शिवलेली लहानशी बाही तशीच होती.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी वरचा."

"मी... खालची," ती म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला. घरमालकिणीने अशी ओळख करून द्यायची असते का?

पण घरमालकीण होऊन तिला दिवस तरी किती झाले होते? मावशी गेली आणि जाताना हे दुमजली घर भाचीच्या नावावर करून गेली. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, आणि वरच्या खोल्यांत एक भाडेकरू. मावशी त्यांना नुसतं 'वरचे' म्हणायची. भाची राहायला आली तेव्हा वरचे आपल्या आईकडे गेलेले होते. काल संध्याकाळी ते परतले, आणि आज सकाळी हे असे, फेसासकट, समोर उभे.

"खटका पडलाय," तो म्हणाला. "होतं असं. मी करतो वर."

त्याने टॉवेलचं कोरडं टोक हाताला नीट गुंडाळलं आणि बोर्डातला खटका वर ढकलला. दिवे आले. आत यंत्राचा बारीक दिवाही लागला असणार. तिचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं.

"हाताला टॉवेल कशाला गुंडाळलात?"

"सवय."

"आणि चपला ओल्या कशा? तुम्ही चपला घालून आंघोळ करता?"

त्याने आपल्या पायांकडे पाहिलं. रबरी चपलांतून पाणी ठिबकत होतं. "पाय गार पडतात माझे."

"गरम पाण्याच्या शॉवरखाली?"

"माझे पाय... जरा वेगळे आहेत."

ती हसली नाही. हसायला हवं होतं, असं नंतर तिला पुष्कळदा वाटलं. "शॉवर बिघडलाय का? खरं सांगा."

"छे! उत्तम आहे. सगळं ठीक आहे." एवढं बोलून तो वळला, दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "फक्त... भांडंभर गरम पाणी मिळेल का? परत खटका पडायला नको, म्हणून."

तिने पाणी तापवून दिलं. भांडं हातात घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि त्याने तो मिटलेला डोळाही क्षणभर उघडला. पापण्यांवर फेसाचे बारीक ठिपके होते. "थँक्यू," तो म्हणाला, आणि ठिबकत ठिबकत वर गेला.

आता एखादी दुसरी मुलगी असती, तर दिवसभर त्या पापण्या आठवत बसली असती. हिला आठवत राहिल्या त्या ओल्या चपला.

घरात तिला लहानपणापासून चिंतू म्हणत. हिच्या पोटात काळजीचा गोळा कायमचा मुक्कामाला. दुधावर उभी राहायची, तरी दूध उतू जाईल म्हणून घाबरायची. कापड तीनदा मोजायची आणि कात्री लावण्याआधी चौथ्यांदा. लहान मुलांचे कपडे शिवून देण्याचं तिचं काम होतं, आणि एकदा दिलेला झगासुद्धा बटण सुटेल, पोर ते गिळेल, या भीतीने ती परत मागवून घ्यायची. आजवर तिच्या काळजीला पुरतील एवढ्याच या गोष्टी होत्या. आता तिच्या डोक्यावर एक शॉवर आला होता.

तो शॉवर मावशीने मागे कधीतरी बसवून घेतला होता. वरच्या बाथरूममध्ये भिंतीवर एक पांढरा डबा, पाणी त्यातून जाता जाताच विजेवर तापायचं. ओळखीच्या माणसाकडून केलंय, झटपट झालं, असं मावशी कौतुकाने सांगायची. वीज, पाणी आणि झटपट... हे तीन शब्द एकत्र आले की चिंतूचा घास घशाशी अडकायचा. आणि घर आता तिचं होतं. वरच्या माणसाला काही झालं, तर विचारणार कुणाला? तिला.

पाण्याचा पाइप तिच्या शिवणाच्या खोलीच्या भिंतीतून वर गेला होता. रोज सकाळी आधी पाइप गुरगुरायचा. मग वरून एक बारीक गुंजन सुरू व्हायचं, शॉवर तापल्याचं. ते थांबलं की ती श्वास धरून बसायची. आता पावलं वाजायला हवीत. वाजली का? नाही. अजून नाही. का नाही?... मग धप, धप, धप, अशी पावलं छतावरून जायची, आणि त्यानंतरच तिच्या सुईत दोरा जायचा.

काही दिवसांनी ती त्या पावलांची नुसती वाटच बघू लागली. छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे, पावलं वाजली की अंग हलकं व्हायचं. हे प्रेम असावं अशी शंका मात्र तिला बरेच दिवस आली नाही. बिचारीच्या आयुष्यात छाती धडधडणं ही रोजचीच गोष्ट होती. त्यातली कुठली धडधड कशाची, हे तिला कसं कळावं?

वरचे चौकापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात होते. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढून द्यायचे. दुकानात जाताना जिन्यात त्यांची गाठ पडायची. पडायची म्हणजे, ती नेमकी तेव्हाच पायपुसणं झटकायला बाहेर यायची.

"शॉवर कसा आहे?"

"मस्त. तुम्ही कशा आहात?"

"मी शॉवरचं विचारलं."

"आणि मी तुमचं." मग जरा थांबून, "तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय. द्या इकडे."

तो चष्मा काढून घ्यायचा, खिशातल्या इवल्याशा पेचकसाने स्क्रू आवळायचा, काड्या हलकेच वाकवायचा आणि तिच्या कानांमागे परत बसवायचा. तेवढा वेळ तिला जग पुसट दिसायचं. त्या पुसट जगात साबणाचा वास तेवढा अगदी स्पष्ट असायचा.

"नंबर वाढलाय तुमचा. माझ्याकडे बघताना डोळे बारीक करता."

"ते संशयाने."

"संशयाचा नंबर वेगळा असतो. या एकदा दुकानात."

"आधी तुम्ही मला बाथरूम बघू द्या. वायरमनला घेऊन येते."

की लगेच त्याचा चेहरा बदलायचा. हसू तिथेच असायचं, पण डोळे मागे सरकायचे. "कशाला त्रास? पुढच्या आठवड्यात बघू. सगळं ठीक आहे हो."

वरच्या खोल्यांची दुसरी किल्ली तिच्याकडे खिळ्याला लटकत होती. येता-जाता ती तिच्याकडे बघायची. तो कामावर गेल्यावर गुपचूप वर जाऊन बघणं काय अवघड होतं? पण घर आपलं असलं, तरी राहतं घर त्याचं. त्याच्या पाठीमागे तिथे शिरायचं नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती किल्लीकडे बघायची आणि परत खाली मान घालून शिवायची.

शेवटी तिने मामाला फोन लावला. मावशीचं सगळं बाहेरचं काम मामा बघायचा.

"भाडेकरू कुरकुर करतोय का?" मामाने विचारलं.

"नाही. तेच तर."

"मग तू कशाला उकरून काढतेस? चिंतू, अगं, तक्रार न करणारा भाडेकरू शोधून सापडत नाही. शॉवर दिलाय, पाणी तापतंय, झालं की! आपली जबाबदारी संपली."

"मामा, बिघडेपर्यंत थांबायचं याला जबाबदारी म्हणतात का?"

"तुला काय म्हणायचं ते म्हण. पण त्या पोराला उगाच घाबरवू नकोस," मामा म्हणाला आणि फोन ठेवला.

आणि मग ती सकाळ आली.

पाइप गुरगुरला. गुंजन सुरू झालं. ती बाहीला चुण्या घालत होती. एक चूण, दुसरी चूण... गुंजन चालूच. त्याला इतका वेळ लागत नसे. तिने हातातलं काम खाली ठेवलं. पाणी वाहतंय, शॉवर तापतोय, पावलं नाहीत. हाक मारावी का? वेडी म्हणेल. म्हणू दे. ती उठली तेव्हा मांडीवरच्या टाचण्यांचा डबा जमिनीवर सांडला. ती तशीच, अनवाणी, त्या टाचण्यांतून धावली.

"अहो! अहो वरचे! दार उघडा!" ती दोन्ही हातांनी दार बडवत होती. "दार उघडा, नाहीतर मी फोडीन!"

दार उघडलं. तो समोर उभा. कोरडा, कपडे घातलेला, कानाला फोन. "आई, नंतर बोलतो," तो म्हणाला. "काय झालं? कुणाला काय झालं?"

तिने मान उंचावून आत पाहिलं. त्याच्या खांद्यावरून पलीकडे दिसत होतं ते तो लपवायला गेला, पण उशीर झाला होता.

बाथरूमचं दार सताड उघडं होतं. शॉवर चालू होता आणि खाली एक प्लास्टिकची बादली भरून वाहत होती. उंबऱ्याशी रबरी चटई. चटईवर त्या चपला. आणि शॉवरच्या लोखंडी कॉकला कपड्यांचा एक लाकडी हँगर अडकवलेला, लांबून ओढता यावा असा.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"हँगर."

"ते दिसतंय मला. नंबर वाढलाय, आंधळी नाही झाले!"

त्याने एक सुस्कारा सोडला. मग चटईवर उभं राहून त्याने हँगरने कॉक ओढला. पाणी थांबलं, गुंजन थांबलं. "कॉकला हात लावला की जरा मुंग्या येतात. जास्त नाही. म्हणून मी बादली भरून घेतो, शॉवर बंद करतो आणि मग आंघोळ करतो. मध्येच पाणी संपलं की परत भरतो. ठीक चाललंय."

"कधीपासून?"

"राहायला आलो तेव्हापासून."

"मुंग्या नाहीत त्या, शॉक आहे!" तिचा आवाज फाटला. "एखाद्या दिवशी विसरलात तर? पाय घसरला आणि आधाराला तोच कॉक धरलात तर? मी खाली बसून रोज... रोज मी..." आणि ती रडायला लागली. दारातच, भिंतीला टेकून, अगदी लहान पोरीसारखी.

तो गांगरला. तिच्या पायाशी बसला आणि तिच्या टाचेतून एक टाचणी हळूच काढली. तिला ती लागल्याचंही कळलं नव्हतं.

"सांगायचं होतं हो मला," तो खाली मान घालून म्हणाला. "पण सांगितलं की घर जातं. आधी एका घरात छत गळत होतं. सांगितलं, तर म्हणाले, जमत नसेल तर दुसरं बघा. मग एका ठिकाणी खिडकी बंद होत नव्हती. ते गोड बोलले, म्हणाले, दुरुस्ती करतो, आठ दिवस बाहेर राहा. परत आलो तर दाराला नवं कुलूप आणि आत दुसरंच बिऱ्हाड. तेव्हापासून मी ठरवलं... आपलं सगळं ठीक आहे."

ती डोळे पुसत होती. त्याने टाचणी आपल्या खिशाला टोचून ठेवली. ती परत मागायचं तिला सुचलं नाही.

त्याच दिवशी वायरमनकाका आले. त्यांनी पांढरा डबा उघडला, आत टॉर्च मारला आणि जीभ चावली. अर्थिंगची वायर होती, पण ती कशालाच जोडलेली नव्हती. नीट वेटोळं करून डब्यामागे खोचून ठेवलेली. आणि एवढा मोठा शॉवर दिव्याच्या बारीक वायरवर चालत होता.

"आधी हे बंद," काका म्हणाले. "मेन बोर्डापासून जाड वायर आणायला हवी, स्वतंत्र खटका, अर्थिंग. भिंत फोडावी लागेल. आठवडा तरी जाईल."

मावशीचं कौतुकाचं झटपट काम ते असं होतं. तिला मावशीचा राग आला, मग मावशीची आठवण आली, आणि दोन्ही गिळून ती वरच्यांकडे वळली. आता आपण नीट, जबाबदार घरमालकिणीसारखं बोलायचं, असं तिने ठरवलं. हीच तिची चूक झाली.

"भिंत फोडायचीय," ती म्हणाली. "धूळ होईल, वीज-पाणी नसेल. तुम्हाला आठवडाभर दुसरीकडे राहावं लागेल. काम झालं की कळवते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग नेहमीसारखा हसला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सामानावर घालायला जुन्या चादरी घेऊन वर गेली, तर दार नुसतं लोटलेलं. आत काहीच नव्हतं. गादी नाही, पुस्तकं नाहीत, दोरीवर कपडा नाही. फरशी पुसून लख्ख केलेली. खिडकीत किल्ली ठेवलेली, आणि कॉकला तो लाकडी हँगर तसाच. हँगर तेवढा तो विसरला असावा, किंवा पुढच्या भाडेकरूसाठी ठेवून गेला असावा.

तिने फोन केला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

"तुम्ही सगळं का नेलंत? मी आठवडाभर म्हणाले होते."

"हो, म्हणाला होतात." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही माझ्यासाठी रडलात, ते मी विसरणार नाही. पण मला दारावरचं नवं कुलूप परत बघायचं नाही. तुमच्या दारावर तर नाहीच. काळजी करू नका. माझं सगळं ठीक आहे."

ती काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला.

मग भिंत फुटली. धुळीने तिची खोली, कापडं, यंत्र सगळं पांढरं झालं. ती काकांच्या मागे उभी राहून शंभर प्रश्न विचारत होती, आणि काका बिचारे उत्तरं देत होते. सकाळी पाइप गुरगुरायचा नाही. छतावरून पावलं जायची नाहीत. काळजी करायला आता कुणीच नव्हतं, तरी छाती धडधडायची ती धडधडायचीच. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. ही शॉवरची धडधड नव्हतीच. निदान सगळी नव्हती.

काम संपलं. काकांनी दोनदा तपासून दाखवलं आणि ते गेले. ती बाथरूमच्या उंबऱ्यात उभी राहिली. चपला काढल्या. चटई बाजूला सारली. अंगातल्या कपड्यांसकट, अनवाणी, ती शॉवरखाली गेली आणि तो कॉक उघड्या हाताने धरला. डोळे घट्ट मिटलेले. कॉक आधी फिरेना. मग फिरला.

पाणी आलं. गुंजन झालं. हाताला काहीच झालं नाही. नुसतं कोमट, मग गरम पाणी डोक्यावरून वाहत राहिलं, आणि ती, दूध उतू जायला घाबरणारी चिंतू, तिथेच उभी राहून रडत-हसत भिजत राहिली.

ती केस पुसत होती तेव्हा मामाचा फोन आला.

"तो पोरगा आपणहून गेला ना? बरंच झालं. एक चांगलं कुटुंब बघून ठेवलंय मी. उद्या येतायत जागा बघायला."

"नको, मामा. वरची जागा रिकामी नाहीये."

"अगं, तो सामान घेऊन गेला!"

"हो. पण जागा रिकामी नाहीये," ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर पोटातला गोळा घशाशी आला, कारण हे वरच्यांना अजून कुठे माहीत होतं?

बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री घ्यायची ती विसरली. चष्म्याच्या दुकानात शिरली तेव्हा काचांवर थेंब होते, आणि त्या थेंबांपलीकडे कुणीतरी उंच माणूस एकदम उभा राहिला.

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली.

"बसा," तो म्हणाला. आणि शिंकला.

"सर्दी झालीय?"

"छे, ठीक आहे." परत शिंकला.

त्याच्या मागे पडदा अर्धवट सरकलेला होता. पलीकडच्या खोलीत फ्रेमच्या खोक्यांच्या मधोमध एक गादी गुंडाळून ठेवलेली होती, आणि कोपऱ्यात हात धुवायचा एकच नळ. गार पाण्याचा, हे सांगायला नको होतं.

त्याने तिचा चष्मा काढला, नाकावर ती जड, गोल तपासणीची फ्रेम चढवली. अंधारात समोर अक्षरांचा फळा उजळला. तो अगदी जवळ उभा राहून एकेक काच घालत होता, काढत होता.

"ही बरी, की आधीची?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणू नका." हे तो रोज पन्नास लोकांना म्हणत असणार, तोंडातून आपसूक आलं. "लोक मला वाईट वाटू नये म्हणून ठीक म्हणतात आणि चुकीचा चष्मा घेऊन जातात. इथे तक्रार करायचीच असते. खरं सांगा."

"हे तुम्ही मला सांगताय?"

काच धरलेला त्याचा हात हवेतच राहिला.

"शॉवर झाला," ती फळ्याकडेच बघत भराभर म्हणाली. त्याच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. "जाड वायर, वेगळा खटका, अर्थिंग. कुलूप जुनंच आहे. मी स्वतः आधी आंघोळ करून बघितली. अनवाणी. कॉक धरून."

"काय?" तो ओरडला. पलीकडे काउंटरवर दुकानाच्या मालकांनी मान वर केली. "वेड लागलंय का तुम्हाला? कॉक धरून? आणि काही झालं असतं तर? घरात दुसरं कुणी नाही, मी तिथे नाही, हाक मारली असती तरी..."

"काकांनी दोनदा तपासलं होतं."

"म्हणून काय झालं! आधी मला बोलवायचं! असं करतात का? मला हे अजिबात आवडलेलं नाही, सांगून ठेवतो!"

तो थांबला. स्वतःचाच आवाज त्याच्या कानांवर आता आला होता.

"हं," ती हळूच म्हणाली. "आली बाई एकदाची. पहिली तक्रार."

तो समोरच्या स्टुलावर बसला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अजून आहेत का?" तिने विचारलं. "मी घरमालकीण म्हणून विचारत नाहीये."

"मग कोण म्हणून?"

"तुम्ही आधी तक्रार सांगा. मग सांगते."

तो खिशाशी काहीतरी चाळवत होता. खिशाला एक टाचणी टोचलेली होती, अजूनही.

"एक आहे," तो म्हणाला. "तुमच्या शिवणयंत्राबद्दल. मी संध्याकाळी घरी आलो की खालून त्याचा आवाज यायचा. मध्येच थांबला की मला वाटायचं, हिच्या बोटाला सुई तर नाही लागली? परत सुरू होईपर्यंत मला काही सुचायचं नाही. आणि इथे..." त्याने त्या खोक्यांच्या खोलीकडे मान वळवली. "इथे ते ऐकूच येत नाही. एक क्षणही चैन पडत नाही मला इथे. काहीसुद्धा ठीक नाहीये."

म्हणजे ती खाली बसून वर कान लावत होती, आणि तो वर बसून खाली. एवढे दिवस. तिला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, आणि त्या जड फ्रेममुळे दोन्ही नीट जमत नव्हतं.

"ती काच घाला ना," ती म्हणाली. "हातातली."

त्याने घातली. तिने फळ्याकडे पाहिलंच नाही. समोर त्याचा चेहरा होता, पापणी न् पापणी मोजता येईल इतका स्वच्छ. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, नाकाचा शेंडा सर्दीने लाल.

"आता कसं दिसतंय?" त्याने विचारलं. "ठीक म्हणू नका."

"मला आवडतं तुम्ही," ती म्हणाली. मग घाबरून, "म्हणजे... तुम्ही आवडता मला. भीतीने वाक्यसुद्धा धड येत नाहीये. घरी चला."

काउंटरवरचे मालक मोठ्याने खोकले. "अरे, नंबर तेवढा लिहून दे त्यांना, आणि जा," ते म्हणाले. "गादी मी पाठवून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप गुरगुरला. गुंजन सुरू झालं. सवयीने तिचे हात थांबले, श्वास अडकला. गुंजन थांबलं... आणि पावलांच्या ऐवजी वरून एक खणखणीत हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अगं ए! पाणी फार गरम आहे! भाजलो मी!"

तिने नव्या चष्म्यातून छताकडे पाहिलं. पोटातला गोळा आज सापडत नव्हता.

"डावीकडे फिरव!" ती ओरडली आणि सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात गेला.